लॉटरीत नंबर लागला, खरी धावपळ त्यानंतरची

आम्ही नागपूरला सक्करदऱ्यात भाड्याने राहायचो. मिस्टर ऑटो चालवतात, मी घरी ब्लाउज शिवते. २०१९ ला प्रधानमंत्री आवास योजनेचा फॉर्म भरला, भागीदारीतली स्कीम होती म्हणजे जागा सरकारी, बांधणारा ठेकेदार वेगळा, आणि वरून केंद्राचे दीड लाख अन राज्याचा एक लाख. मला वाटलं हे अडीच लाख आपल्या खात्यात येणार. कुठचं काय बाप्पा! ते पैसे प्रकल्पालाच जातात अन तेवढी आपली किंमत कमी होते. हे मला तिसऱ्या चकरेला कळलं, तोवर मी मनातल्या मनात किचनच्या टाइल्स निवडून ठेवल्या होत्या.

कागदपत्रात उत्पन्नाचा दाखला पाहिजे होता, वर्षाला ३ लाखाच्या आतला, तो सेतूतून निघाला. अडलं ते प्रतिज्ञापत्रावर. देशात कुठेच पक्कं घर नाही असं लिहून द्यायचं, आणि उमरेडकडे गावाला सासऱ्यांच्या नावावर स्लॅबचं घर आहे. एक म्हणे फॉर्म रद्द होते, दुसरा म्हणे सांगताच काहून? शेवटी मी सरळ खिडकीवर जाऊन विचारलं. तिथल्या मॅडम म्हणाल्या, ताई, कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि लग्न न झालेली मुलं, सासऱ्यांचं घर यात येत नाही. दोन मिनिटांचं काम, त्यासाठी आठ दिवस झोप नाही.

लॉटरीत नाव निघालं त्या दिवशी पेढे वाटले, मग लोन. बँकवाले म्हणाले आधी घर देणाऱ्या ऑफिसचं एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र आणा. ऑफिसवाले म्हणे आधी बँकेचं मंजुरीपत्र दाखवा, आणि साइटवरचा माणूस रोज फोन करून राहिला की हप्ता भरा नाहीतर घर दुसऱ्याला जाईल. तिघं एकाच घराचे भागीदार, पण एकमेकांशी बोलायला तयार नाहीत, मधात मी पोस्टमन. मग शेजारच्या काकांनी सांगितलं, तोंडी बोलूच नको, साधा अर्ज लिही, दोन प्रती ने, एकीवर आवकचा, म्हणजे अर्ज मिळाल्याचा शिक्का मारून घे. तसंच केलं. शिक्का पाहून बँकेचे साहेब पहिल्यांदा खुर्ची पुढे सरकवून बोलले, हे मी विसरणार नाही!

तरी ऑटोवाल्याला आयटीआर, म्हणजे इन्कम टॅक्सचं रिटर्न विचारतात म्हटल्यावर बँकेत जमलंच नाही. सहा महिने रोजची कमाई खात्यात भरली अन शेवटी हाउसिंग फायनान्सवाल्याकडून घेतलं, व्याज जास्त आहे, पण मिळालं. ज्यांची लॉटरी बाकी आहे त्यांनी हे खात्याचं आत्तापासूनच सुरू करा, मी उशीर केला.

रजिस्ट्रीला स्टॅम्प ड्युटी फक्त १,००० रुपये लागली, जीएसटी १ टक्का. घरात बाईचं नाव पाहिजेच असा नियम आहे, म्हणून माझं नाव पहिलं टाकलं, तर स्टँडवरचे मिस्टरांना अजून चिडवतात, काय बे, भाडेकरू झाला का तू?

घर ३० चौरस मीटरच्या आतलंच आहे, मशीन खिडकीपाशी बसली. आता सोसायटी रजिस्टर करायचं चालून राहिलं. मोटरच्या बिलावरून रोज भांडण, पण फाइल सगळ्यांनी माझ्याकडेच दिली आहे, म्हणे ताई, आवकचा शिक्का कुठे मारतात ते तुम्हालाच माहीत.