गोळी बदलायची ती दिवस जाण्याआधी

साडेतीन वर्षांच्या त्या मुलाला अंगणवाडीत तपासणीला आलेल्या पथकाने आमच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवलं होतं. चिठ्ठीवर एवढंच: 'बोलत नाही'. कानांची तपासणी व्यवस्थित होती. पण हाक मारली तर वळायचा नाही, काही हवं असेल तर बोट दाखवायचा नाही, आईचं मनगट धरून तिला बिस्किटांच्या डब्याकडे ओढायचा. चेहरा जवळून पाहिला. भुवया बारीक नि कमानदार, नाकाचं मूळ रुंद, नाकाखालची पन्हळ जवळजवळ सपाट, वरचा ओठ पातळ. यातली एकेक खूण कितीतरी निरोगी मुलांत सापडते. इथे सगळ्या एकत्र होत्या, शिवाय लघवीचं छिद्र जन्मतः खालच्या बाजूला असल्याने ऑपरेशनही झालेलं. मग मी आईकडे वळले.

"ताई, तुम्हाला कसली गोळी चालू आहे का?"

तिने पिशवीतून पाकीट काढलं. सोडियम व्हॅल्प्रोएट, म्हणजे फिटची गोळी, ५०० मिलिग्रॅम, सकाळ-संध्याकाळ, शाळेत असल्यापासून. तेव्हा सकाळी उठल्या उठल्या हात उडायचे, चहाचा कप हातातून सुटायचा, आणि एकदा जागरणानंतर मोठी फिट आली. जुवेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सीचं, म्हणजे किशोरवयात सुरू होणाऱ्या, हातपाय उडवणाऱ्या मिरगीचं हे नेहमीचं चित्र. तिला व्हॅल्प्रोएट फार छान लागू पडतं. म्हणूनच गोळी वर्षानुवर्षं तशीच चालू राहते, आणि मुलगी लग्नाची झाली तरी कुणी त्याकडे पुन्हा पाहत नाही.

आकडे स्पष्ट आहेत. एरवी शंभरांतल्या दोन-तीन बाळांत जन्मजात मोठं व्यंग असतं. आईला व्हॅल्प्रोएट चालू असेल तर सुमारे दहांत, आणि डोस वाढेल तसा धोकाही चढतो. याखेरीज अशा शंभरांतल्या तीस ते चाळीस मुलांना बोलणं, चालणं, शिकणं, इतरांत मिसळणं यांत अडचणी येतात. बाळाच्या मज्जारज्जूची नळी गर्भधारणेपासून चार आठवड्यांच्या आत मिटते, म्हणजे पाळी चुकल्याचं लक्षात येऊन बाई दवाखान्यात पोचेपर्यंत बहुधा ते काम उरकलेलं असतं. मेंदूची वाढ मात्र नऊही महिने चालू असते, त्यामुळे पहिले तीन महिने गेले म्हणजे सुटलो, असं होत नाही. अठरा-वीस आठवड्यांच्या सोनोग्राफीत पाठीचा कणा दिसतो, हृदय दिसतं. बोलणं उशिरा येणार हे दिसत नाही.

सासूबाई म्हणाल्या, "तरी मी सांगत होते, दिवस गेल्यावर गोळ्या बंद कर म्हणून."

यावर मी ठामपणे बोलले. हिने गोळी चुकवली नाही हे बरोबरच केलं. एकदम बंद केली असती तर थांबता न थांबणारी फिट येऊ शकली असती. त्यात आईचा जीव जाऊ शकतो, बाळाचा प्राणवायू तुटू शकतो. चूक गोळी घेण्यात नव्हती, ती वेळेत बदलून न मिळण्यात होती.

मुलाचं कारण व्हॅल्प्रोएटच, असं चेहरा पाहून ठरवता येत नाही. थायरॉइड पाहिलं, गुणसूत्रांची तपासणी लिहून दिली. वाचाउपचार त्याच आठवड्यात सुरू केले, कारण रिपोर्टसाठी ते अडवून ठेवण्यात अर्थ नसतो.

घरात दुसऱ्या बाळाचा विचार चालू होता, म्हणून त्याच दिवशी तिची मेंदुविकार तज्ज्ञांशी गाठ घालून दिली. त्यांनी लेव्हेटिरासिटाम हे फिटचं दुसरं औषध सुरू केलं, २५० मिलिग्रॅम दोनदा, दोन आठवड्यांनी ५०० दोनदा. ते लागू पडल्यावरच व्हॅल्प्रोएट काही महिन्यांत टप्प्याटप्प्याने उतरवायचं. तोवर दिवस राहू नयेत म्हणून तांबी. फिटच्या बाकी औषधांपैकी कार्बामाझेपिनने असे झटके वाढू शकतात, आणि टोपिरामेटही गरोदरपणात नको. चिडचिड वाढली तर घरच्यांनी लगेच कळवायचं, लेव्हेटिरासिटामने ती होते. फॉलिक ॲसिड आधीपासून घ्यायचंच, पण त्याने व्हॅल्प्रोएटचा धोका पुसला जात नाही. ज्यांना व्हॅल्प्रोएटवर असतानाच दिवस गेलेत, त्यांनी मनाने एकही गोळी सोडू नये. त्याच आठवड्यात तज्ज्ञांना गाठावं.

पुढचंही सांगून ठेवलं. गरोदरपणात लेव्हेटिरासिटामचं रक्तातलं प्रमाण घटतं, डोस वाढवावा लागू शकतो, बाळंतपणानंतर तो परत खाली आणायचा. अंगावर पाजायला हरकत नाही. झोप मोडली की या प्रकारात फिट येते, म्हणून रात्रीचं एक पाजणं काढून ठेवलेल्या दुधावर घरातल्या दुसऱ्या कुणीतरी सांभाळायचं. हे मी सासूबाईंकडे बघून सांगितलं.