राहिलेलं प्रकरण

स्मरणिकेच्या संपादकांनी साडेतीनशे शब्दांची मर्यादा घातली आणि विज्ञानाचे सर आठवले. प्रयोगवहीत निष्कर्षाला ते तीनच ओळी देत. चौथी लिहिली की लाल शाईत शेरा यायचा : 'साभार परत'. हा शेरा संपादक लेखकांना धाडतात आणि सरांच्या स्वतःच्या टपालातही तो वरचेवर येत होता, हे आम्हाला कुठे ठाऊक!

ध्वनीचं प्रकरण मात्र त्यांनी आठवडाभर पुरवलं. बाकावर दोन खिळ्यांमध्ये तंबोऱ्याची तार ताणली. बरोबर अर्ध्यावर दाबली की वरचा सा, दोन तृतीयांश लांबीला पंचम, चार पंचमांशाला गंधार. मग प्रार्थनेची पेटी मागवली. तिचा सा आणि तारेचा सा जुळवून दोन्ही गंधार एकदम वाजवले, तर आवाज थरथरायला लागला. फळ्यावर हिशेब झाला : सा २४० कंपनांचा धरला तर तारेचा गंधार ३००, पेटीचा ३०२.४, म्हणून सेकंदाला दोन-अडीच हेलकावे. पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग पाडतात, त्यात गंधार जरा चढाच राहतो. रेडिओवर १९४० साली पेटीला बंदी आली, ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. तिच्याविरुद्धच्या तक्रारींत ही एक होती. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड तिच्यातून निघत नाही, ही दुसरी. अभ्यासक्रमात यातलं अवाक्षर नव्हतं.

नववीचं वर्ष अर्ध्यावर असताना सर नोकरी सोडून गेले. मला राग आला होता, आणि तो बरीच वर्षं टिकला.

पुढचं तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं. विज्ञानावर लेख, माहितीपटांच्या संहिता, अनुवाद, दुसऱ्यांच्या नावावर खपलेली भाषणं, मानपत्रं. काही महिने नुसतं मुद्रितशोधन. संध्याकाळी पेटीची साथ आणि शिकवण्या. लोक याला 'मनासारखं जगणं' म्हणतात. मीही म्हणायचो, पण स्वतः चार लेख लिहून मानधनासाठी आठ महिने आठवणपत्रं पाठवल्यावर म्हणणं सोडलं. महिन्याच्या एक तारखेला काहीही जमा न होणं म्हणजे काय, ते पगारदाराला सांगून समजत नाही.

मध्यंतरी एका मैफलीत साथीला सर दिसले. बाई गंधारावर थांबल्या की सरांचं बोट ती पट्टी सोडून द्यायचं; भात्यावरचा हात हलका, नुसता सा चालू. पुन्हा गाणं पुढे सरकलं की पेटी मागोमाग. शेजारच्या रसिकांना वाटलं असेल, म्हातारा चुकतोय. मी मनात २.४ मोजत होतो.

मैफल संपल्यावर भेटलो. नाव सांगितलं, तुकडी सांगितली. आठवत नसावं, उगाच आठवल्यासारखंही त्यांनी केलं नाही. मग धीर करून म्हणालो, "सर, तुम्ही आम्हाला अर्ध्यावर सोडून गेलात."

पेटीचं झाकण लावता लावता ते थांबले. "उष्णता राहिली होती ना तुमची?"

"हो."

"मग कोणी शिकवली?"

"कोणीच नाही. गाईडवरून पाठ केली."

"हं," सर म्हणाले आणि पेटीचा पट्टा माझ्या हातात दिला. "धर जरा. जिना उंच आहे."