हार्डली

स्मरणिकेसाठी चार ओळी लिहून द्या, असा शाळेतून फोन आला. तेव्हा डोळ्यांपुढे ना स्नेहसंमेलन आलं, ना जिंकलेली ढाल. आठवली ती आठवीच्या पेपरातली लाल शाईची एक रेघ.

साल 1984. सहामाहीला 'माय फादर' हा निबंध होता. मी लिहिलं, 'माय फादर वर्क्स हार्डली इन द फील्ड.' स्लोचं स्लोली, क्विकचं क्विकली, मग हार्डचं हार्डली. हिशेब चोख होता. पाचवीत एबीसीडी गिरवलेली आम्ही पोरं. शेपूट लावलं की क्रियाविशेषण, एवढंच ठाऊक.

सरांनी ते वाक्य वर्गात मोठ्यानं वाचलं आणि एकटेच हसत सुटले. "अरे लेकरा, बाप शेतात कामच करीत नाही म्हणून लिहिलास की! त्यानं वाचलं तर आसूड काढील."

सर निजामाच्या राजवटीत उर्दूतून शिकलेले. इंग्रजी समजावताना ते आधी उर्दूत शिरायचे, मग मराठीत यायचे. फळ्यावर त्यांनी 'हार्ड' लिहिलं, खाली 'मुश्किल'. शेजारी 'हार्डली', खाली 'मुश्किल से'.

"मुश्किलीनं चार पोती झाली, असं तुझा बाप म्हणतो का नाही? म्हणजे किती झाली?"

"जेमतेम, सर."

"मग झालं तर! कष्टानं काम करतो म्हणायचं तर नुसतं हार्ड. बिनशेपटीचं."

एके काळी इंग्रजीतही हार्डलीचा अर्थ जोरानं, कठोरपणे असाच होता, हे मला फार उशिरा कोशात सापडलं. म्हणजे तीनशे-चारशे वर्षांपूर्वी माझं वाक्य कदाचित खपून गेलं असतं!

आमची दुसरी खोड 'नॉट'ची. मराठीत 'फारसा' आला की मागून 'नाही' येतोच: फारसा पाऊस झाला नाही. त्यामुळे हार्डली लिहिताना हात आपोआप नॉटकडे जायचा. पण हार्डलीनं तो 'नाही' आधीच गिळलेला असतो. "त्याच्या पोटात हाय तो, पुन्हा कशाला चारतो?" असं सर म्हणायचे. दहावीला 'हार्डली'चं 'नो सूनर' करताना व्हेनच्या जागी दॅन घालायचा, तेवढं मात्र बिनचूक जमलं.

पुढे बँकेत लागलो. कर्जाच्या अर्जासोबतच्या पत्रात 'आय विल वर्क हार्डली' वर्षातून एकदा तरी भेटायचं. मी कधीच खूण केली नाही. त्यावरून कर्ज अडवायचं म्हटलं तर आमच्या अर्ध्या तालुक्याला बियाणं मिळालं नसतं.

त्या दिवशी संध्याकाळी घाबरत घाबरत आबांना सगळं सांगितलं. ते कडब्याच्या पेंढ्या बांधत होते. गुडघ्याखाली दाबून त्यांनी पेंढी आवळली, गाठ मारली आणि म्हणाले, "सरांना सांग, पोरानं खरंच लिहिलंय. औंदा पाऊसच मुश्किलीनं पडला, रानात काम हाय कुठं?"