द्राक्षगटाचं ग्लोबलगॅप: आधी निरीक्षक, मग फाइल

ग्लोबलगॅपचं, म्हणजे सुरक्षित आणि जबाबदार शेतीच्या आंतरराष्ट्रीय मानकाचं, गट प्रमाणपत्र घ्यायचं ठरलं की बहुतेक गट फाइली, बोर्ड आणि प्रमाणन संस्थेच्या कोटेशनपासून सुरुवात करतात. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. दिंडोरी, निफाड, चांदवडच्या दोन-तीन एकरवाल्या बागायतदारांच्या गटाला सगळ्यात आधी चांगला अंतर्गत निरीक्षक, म्हणजे सभासदांच्या बागा गटाच्या वतीने तपासणारा माणूस, लागतो.

कारण साधं आहे. ऑप्शन दोनमध्ये, म्हणजे गटाच्या पर्यायात, प्रमाणन संस्थेचा, म्हणजे बाहेरचा, निरीक्षक सभासदसंख्येच्या वर्गमुळाइतक्या बागा बघतो. 64 सभासद असतील तर 8. 30 असतील तर साडेपाचच्या आसपास येतं, ते वरच्या पूर्णांकात 6 धरायचं. उरलेल्या बागांबद्दल तो गटाच्या स्वतःच्या तपासणीवर विसंबतो, आणि ती तपासणी दरवर्षी शंभर टक्के सभासदांची झालेली असावी लागते. एखाद्या सभासदाची चूक गटाने स्वतः पकडली, लिहून ठेवली आणि त्याचा माल थांबवला, तर यंत्रणा चालते आहे असं दिसतं. तीच चूक बाहेरच्या माणसाला सापडली तर प्रश्न त्या एका बागेचा राहत नाही, सगळ्या गटाच्या प्रमाणपत्राचा होतो.

म्हणून निरीक्षक निवडताना भिडेचा विचार आधी करा. स्वतःची बाग स्वतः तपासता येत नाही. ज्याने वर्षभर फवारणीचा सल्ला दिला त्यानेच त्या बागेला पास म्हणायचं, हेही चालत नाही. तपासणारा आणि मंजुरी देणारा हे दोघे वेगळे हवेत. भावकीच्या गटात हे जड जातं, पण यात सवलत घेतलेला गट पुढे अडकतोच.

आता रजिस्टर. नियमानुसार पहिल्या तपासणीआधीच्या किमान तीन महिन्यांच्या नोंदी लागतात. द्राक्षाला तेवढ्यावर भागत नाही. 2010 साली क्लोरमेक्वॅट क्लोराइडच्या, म्हणजे आपल्या सीसीसीच्या, अंशामुळे युरोपात भारतीय द्राक्षं अडली होती. सीसीसी वापरलं जायचं एप्रिलच्या खरड छाटणीनंतर, काडीची जोमदार वाढ रोखायला. ते वेलीत टिकलं आणि पुढच्या हंगामाच्या मण्यात उतरलं. त्यामुळे नोंदी खरड छाटणीपासूनच हव्यात. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीपासून सुरू केलेलं रजिस्टर अर्धंच असतं.

प्रत्येक फवारणीसमोर तारीख, प्लॉट, औषधाचं नाव आणि त्यातला घटक, कारण (डावणी, भुरी, मिलीबग), मात्रा, पाणी, फवारणाऱ्याचं नाव आणि काढणीपूर्व प्रतीक्षा कालावधी लिहायचा. नुसतं ब्रँडचं नाव लिहिलं की एकच घटक दोन नावांनी दोनदा फवारलेला लक्षात येत नाही. निरीक्षकाने रजिस्टरशेजारी दुकानाची बिलं आणि औषधांचा शिल्लक साठा ठेवून तिन्हींचा मेळ घालावा. एका पेनने एका बैठकीत भरलेलं रजिस्टर इथे लगेच उघडं पडतं.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे ब्लोअरचं, म्हणजे ट्रॅक्टरच्या फवारणी यंत्राचं, कॅलिब्रेशन: एकरी नेमकं किती पाणी पडतं ते मोजणं. नऊ फुटी ओळींच्या बागेत एकरात 4,840 फूट ओळ बसते. त्याचा विसावा भाग 242 फूट. टाकी काठोकाठ साध्या पाण्याने भरा, नेहमीच्या गियरला आणि दाबाला प्रत्येक ओळीतून जाता तसे 242 फूट फवारत जा, मग टाकी पुन्हा काठापर्यंत भरा. 18 लिटर लागलं तर एकरी 360 लिटर पडतं आहे. आता समजा, एकरी 300 लिटर धरून 600 लिटरच्या टाकीत दोन एकरांचं औषध टाकलं. ते पावणेदोन एकराच्या आतच संपतं, म्हणजे मात्रा 20 टक्के जास्त गेली. ज्या घटकाला युरोपात वेगळी मर्यादा दिलेली नाही त्याला साधारणपणे किलोमागे 0.01 मिलिग्रॅम लागू होतं, दहा कोटी भागांत एक भाग. तिथे 20 टक्के ही किरकोळ चूक नाही. नोझल झिजले की पाणी वाढतं, म्हणून हे दरवर्षी करायचंच.

औषधांच्या खोलीत कुलूप, हवा खेळती, पावडर वरच्या फळीवर, द्रव खाली, वाळूची बादली, वजनकाटा आणि मोजमापाचं भांडं. रिकामे डबे तीनदा खळखळून, ते पाणी फवारणीच्या टाकीतच ओतून, भोक पाडून कुलपात. मजुरांच्या टोळीला हात धुण्याची आणि शौचालयाची सोय कामाच्या जागेजवळ हवी. हे केवळ ऑडिटपुरतं नको, टोळीत बायका जास्त असतात.

अपेडा या केंद्र सरकारच्या कृषी निर्यात संस्थेची ग्रेपनेट नोंदणी (निर्यातीच्या द्राक्षांचा माग ठेवणारी) आणि ग्लोबलगॅप यांत गल्लत होते. युरोपात द्राक्षं पाठवायला ग्रेपनेट सक्तीचं आहे. ग्लोबलगॅप ऐच्छिक आहे, पण युरोपातल्या सुपरमार्केटचे खरेदीदार ते मागतात. सभासदांना एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगा: यात ठरलेला जादा भाव नाही. फेअरट्रेडच्या कॉफीत सहकारी संस्थेला पौंडामागे 20 सेंटचा प्रीमियम नियमानेच मिळतो. तसं इथे काही नाही. भाव खरेदीदाराशी बोलूनच ठरतो. किलोमागे अमुक रुपये वाढतील असं सांगून जमवलेले सभासद दुसऱ्या वर्षी गळतात.

प्रमाणपत्राची मुदत 12 महिने. मेजर मस्ट, म्हणजे मुख्य सक्तीचे, मुद्दे शंभर टक्के आणि मायनर मस्ट, म्हणजे दुय्यम मुद्दे, 95 टक्के पाळावे लागतात. नूतनीकरणात त्रुटी निघाली तर ती दूर करायला 28 दिवस मिळतात. तेव्हा काढणी सुरू असेल तर हे दिवस पुरत नाहीत. त्यासाठी अंतर्गत तपासणी डिसेंबरअखेर उरकावी.

काढणीत क्रेटवर सभासदाचा आणि प्लॉटचा नंबर बागेतच लावा, पॅकहाऊसला पोहोचल्यावर नाही. आणि प्रत्येकाच्या नावावर आलेला माल त्याच्या एकरी अंदाजाशी ताडून बघा. दोन एकरवाल्याच्या नावावर चार एकरांची द्राक्षं आली, तर शेजारच्या बिगरसभासदाचा माल आत शिरलेला असतो.