इटॅलिक म्हणजे नुसतं तिरकं अक्षर नाही

लग्नसराई आली की इथे बडोद्यात ओळखीतले लोक पत्रिका दाखवायला येतात, इंग्रजी नावं जरा तिरकी कर ना छान दिसतील म्हणतात, आणि बहुतेक वेळा त्यांनी आधीच सरळ अक्षर कॉम्प्युटरवर ढकलून वाकवलेलं असतं. मला ते खरंच बघवत नाही. कारण पेनाच्या वळणाचा इटॅलिक हा वाकवलेला रोमन (म्हणजे नेहमीचं सरळ उभं इंग्रजी अक्षर) नाहीच, तो वेगळा हात, लिहिण्याचं वेगळंच वळण आहे. स्मॉल ए बघा, वरची कमान जाऊन दुमजलीचा एकमजली होतो, एफची शेपटी ओळीखाली उतरते, एन आणि एमच्या कमानी दांडीच्या पार खालून फुटतात कारण लिहिणाऱ्याने पेन उचललेलंच नसतं. रुंद निब साधारण ४५ अंशात धरली की जाड-बारीक आपोआप पडतं, आणि सेरिफ, म्हणजे रेघेच्या टोकाचा छोटा फराटा, ही पेन कागदाला टेकताना आणि सुटताना राहिलेली छोटी हालचाल. हे सगळं असेल तर झुकाव अगदी थोडा असला तरी चालतो.

पंधराव्या शतकात इटलीतले विद्वान भराभर नकला करायला असं लिहायचे, मग पोपच्या दफ्तरातल्या कारकुनांनी ते वळण उचललं. १५०१ मध्ये व्हेनिसला आल्डुस मानुतिउस या मुद्रकाने रोमन कवी व्हर्जिलचं अख्खं पुस्तक यात छापलं, खिळे (छपाईची धातूची अक्षरं) ग्रिफो नावाच्या कारागिराने कोरलेले, आणि गंमत म्हणजे त्यात कॅपिटल अक्षरं सरळच होती! १५२२ मध्ये आरिगी या लेखनिकाने हा हात शिकवणारी पुस्तिका काढली. आपल्याकडे सर्टिफिकेटांवर दिसणारा मोनोटाइप कोर्सिव्हा हा फॉन्ट त्याच आरिगीच्या वळणावरचा, आणि अक्षररचनाकार हेरमान झाप्फचा याच जातीचा झाप्फ चॅन्सरी १९७९चा.

मला यात सारखी मोडी दिसते. आधी अख्ख्या ओळीची शिरोरेषा ओढून घ्यायची आणि मग हात न उचलता लिहीत सुटायचं, गायकवाडांच्या दफ्तरातले मोडी कागद असेच. आणि आमच्या शेजारची गुजराती लिपी, तीसुद्धा आधी पत्रांची आणि व्यापाऱ्यांच्या हिशेबाचीच, शिरोरेषा टाकून दिलेली. तिन्ही घाईच्या, कामाच्या लिप्या. गुजराती छापखान्यात जाऊन मोठी झाली, इटॅलिकला रोमनच्या शेजारी कायमची जागा मिळाली, मोडी मात्र मागे पडली आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता पत्रिकेचं. नावं, एखादी कवितेची ओळ, वरचं आमंत्रणाचं वाक्य, एवढ्यासाठी असा इटॅलिक फॉन्ट सुंदर. मुहूर्त, पत्ता, फोन नंबर साध्या सरळ अक्षरात द्या, आजोबांना चष्म्याशिवाय वाचता आलं पाहिजे. आणि प्लीज पूर्ण नाव कॅपिटलमध्ये नको, त्या लांब शेपट्यांची कॅपिटलं एकमेकांत घुसतात, ती शब्दाच्या सुरुवातीला एकच हवी. अक्षरांमधली जागाही ताणू नका, वळणाची लय तुटते.

देवनागरी तर अजिबात तिरकी करू नका. शिरोरेषा आडवीच राहते आणि काना तेवढा कलतो, शिवाय बोरूच्या टोकाची छाट इंग्रजी निबेच्या उलट्या बाजूला म्हणून आपली जाड रेघ वेगळ्याच दिशेला पडते. त्यापेक्षा बोरूच्या वळणाचा सरळ फॉन्ट घ्या आणि शेजारचं इंग्रजी नाव एक-दोन पॉइंट मोठं ठेवा, कारण या इटॅलिकमध्ये स्मॉल अक्षरं बुटकी आणि वरखालच्या दांड्या लांब असतात, नाहीतर नवरीचं नाव हॉलच्या पत्त्यापेक्षा बारीक दिसतं.