वाघबीळचा चढ आणि तीन फ्रीव्हील

कोल्हापूर ते पन्हाळा अंतर जेमतेम २० किलोमीटर, पण फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकावरचं, पायडल थांबलं तरी चाक फिरू देणारं दातेरी चक्र, स्वस्त घ्यावं की महाग याचा निकाल लावायला शहराजवळ याहून सोयीचा रस्ता नाही. शिवाजी पुलापासून केर्लीपर्यंत जवळपास सपाट, पुढे सावकाश चढ, आणि वाघबीळला महामार्ग सोडून पन्हाळ्याकडे वळलं की शेवटचे पाचेक किलोमीटर दम काढणारा घाट. फेरीत तीन सायकली होत्या. एक साधी २८ इंची, पुढे ४४ दात आणि मागे १८ दातांचं एकेरी, बाजारातलं सगळ्यात स्वस्त फ्रीव्हील. बाकी दोन २६ इंची गिअरच्या, पुढची लहान चकती २८ दातांची. त्यांतल्या एकीला मागे सात चकत्यांचं १४-२८ (लहान चकती १४ दातांची, मोठी २८ ची), दुसरीला १४-३४.

केर्लीपर्यंत तिघींत काडीचाही फरक पडला नाही. रंकाळ्याला सकाळची फेरी आणि दिवसभर पेठांतून ये-जा एवढंच काम असेल, तर साध्या सायकलीला महाग फ्रीव्हील घालणं म्हणजे पैसे पंचगंगेत सोडणं. स्वस्तातलं घ्या, वर्षा-दोन वर्षांनी बदला.

वाघबीळनंतर मात्र हिशोब बदलतो. २८ इंची चाकाचा घेर साधारण २.२ मीटर. ४४ ला १८ म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात सायकल ५.४ मीटर पुढे जाते. घाटात ताशी ८ किलोमीटरचा वेग धरला तर मिनिटाला फक्त २५ फेरे होतात. म्हणजे पायडल फिरत नाही, त्यावर उभं राहून ते दाबावं लागतं. २६ इंची गिअरच्या सायकलीवर पुढच्या २८ ला मागे २८ लावलं की त्याच वेगाला ६५ फेरे, आणि २८ ला ३४ लावलं की ७९. गुडघ्यांना मानवतो तो शेवटचा आकडा. तेव्हा घाटाला जाणाऱ्याने किमतीआधी दात मोजावेत. साध्या सायकलीलाही १८ च्या जागी २० दातांचं स्वस्त फ्रीव्हील घातलं, तरी दहा टक्के हलकं जातं.

किमतीचा फरक असतो तो आत, न दिसणाऱ्या ठिकाणी. फ्रीव्हीलच्या पोटात दोन छोट्या खिट्या असतात. बारीक स्प्रिंग त्यांना बाहेर ढकलते, त्या बाहेरच्या कड्याच्या आतल्या दातांत अडकतात आणि चाक ओढलं जातं. कट-कट आवाज येतो तो त्यांचाच. स्वस्त फ्रीव्हीलमध्ये कडं नेमकं मध्यावर बसलेलं नसतं, म्हणून दोन खिट्यांतली एकच आधी टेकते आणि सगळा जोर तिच्यावर येतो. सपाटीला ती तो सोसते. घाटात उभं राहून दाबलं की तिची धार बोथट होत जाते, आणि एके दिवशी पायडल रिकामं फिरतं. तेही नेमकं सगळा भार एका पायावर असताना; छाती हँडलवर आदळते ती अशी. बऱ्यापैकी फ्रीव्हीलमध्ये कडं मध्यावर असतं, लोखंड नीट कडक केलेलं असतं आणि कडेच्या फटीतून पाणी कमी शिरतं. कोल्हापूरच्या पश्चिमेचा पाऊस पाहता हा शेवटचा मुद्दा सगळ्यात मोठा. गंजलेली स्प्रिंग खिटी बाहेर ढकलत नाही.

दुकानात पारखायला दोन मिनिटं पुरतात. फ्रीव्हील बोटावर धरून बाहेरचं कडं उलटं फिरवा. थोडं डुलणं चालतं, पण कडं धरून हलवल्यावर खडखड वाजलं तर ठेवून द्या. आवाज एकसारखा हवा. दातांच्या कडा हाताला लागत असतील तर ते नुसतं पत्र्यातून कापून काढलेलं आहे.

गिअरवाल्यांसाठी शिमानोची टीझेड मालिका हा मधला, शहाणा मार्ग. त्यातल्या सात चकत्यांच्या १४-२८ आणि १४-३४ मध्ये फरक फक्त शेवटच्या चकतीचा. १४, १६, १८, २०, २२, २४ दोन्हींत सारखे, मग एकात २८ आणि दुसऱ्यात थेट ३४. ती उडी जोरात जाणवते, म्हणून चढ सुरू व्हायच्या आधी, पाय हलके असतानाच गिअर टाकावा. मध्येच टाकला तर चेन दोन चकत्यांच्या मध्ये अडते. ३४ बसवण्याआधी मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) तेवढी मोठी चकती घेतो का ते पाहा. लहान बांध्याचे कितीतरी २८ पर्यंतच असतात. चेनही थोडी लांब लागते. जुन्या लांबीची चेन पुढच्या आणि मागच्या दोन्ही मोठ्या चकत्यांवर पडली की ताणून डिरेलर मोडते.

याहून महाग, पुन्हा खोलून दुरुस्त करता येणारी एकेरी फ्रीव्हीलही जगात मिळतात. पन्हाळ्यासाठी त्यांची गरज नाही.

बसवताना आटे सांभाळा. नेहमीचे आटे १.३७ इंच व्यासाचे, इंचाला २४. आट्यांना ग्रीस लावा, फ्रीव्हील आधी अर्धा फेरा उलटं फिरवा, ‘टक्’ झालं की मगच हाताने सुलटं आवळा. तीन-चार फेरे हाताने गेले नाहीत तर आटा तिरका बसतोय. अॅल्युमिनियमच्या हबवर (चाकाच्या मधल्या तुंब्यावर) जोर केलात तर हबच गेला. घट्ट करायला पाना लागत नाही, चढावर ते आपोआप आवळतं.

आणि आवळतं म्हणजे किती, ते काढताना कळतं. फ्रीव्हीलच्या खाचांत बसणारा योग्य पानाच हवा, आणि तो निसटू नये म्हणून अॅक्सलचं नट त्यावर हलकं टेकवायचं. पाना शिकंज्यात धरून चाक स्टिअरिंगसारखं डावीकडे फिरवा. सुटल्याबरोबर नट सैल करा, नाहीतर अॅक्सलचे आटे जातात. घरी हलेना तर उद्यमनगरात मोठ्या शिकंज्यावर काम होतं. रिम बदलायची असेल तर फ्रीव्हील आधी काढा, आरे नंतर. आरे आधी कापले की जोर लावायला चाकच उरत नाही.

नव्या फ्रीव्हीलवर जुनी चेन घसरते, आणि दोष फ्रीव्हीलला लागतो. चेनचे २४ सांधे मोजा. ३०५ मिलिमीटर म्हणजे नवी, ३०६.५ झाली की चेन बदला, ३०८ च्या पुढे गेली की दोन्ही बदला.

तेल पातळच घालावं, चाक आडवं ठेवून फिरत्या आणि स्थिर भागाच्या फटीत चार थेंब. जाड ग्रीसने खिट्या चिकटतात. जोतिबाला केर्लीवरून वळून जाणार असाल तर एक लक्षात ठेवा, गुलाल तेलकट चेनवर बसला की लेप होतो. परतल्यावर रॉकेलने धुवा.

पावसाळ्यात निघण्यापूर्वी रेडेडोहाची, म्हणजे पंचगंगेच्या पुराचं पाणी पात्राबाहेर पडतं त्या जागेची, चौकशी करा. तो फुटला की पन्हाळ्याचा रस्ता पाण्याखाली जातो. गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्या आणि रस्त्यावरचा चिखल, म्हणून सकाळी सहाच्या आत शिवाजी पूल ओलांडलेला बरा. उतरताना फ्रीव्हील स्वस्त की महाग याने काही बिघडत नाही, तिथे काम ब्रेकच्या रबरांचं. ती आदल्या दिवशीच पाहून ठेवा.