लेबलावरचं इंग्रजी : आमची वाटचाल

आमचा छपाईचा धंदा सासऱ्यांनी सुरू केला. सोलापूरच्या पूर्व भागात, अशोक चौकातून आत वळलं की चारी बाजूंनी मागांचा खडखडाट, आणि त्यात आमचं एक ऑफसेट मशीन. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं ही वरकड कामं. मुख्य काम चादरी-टॉवेलांच्या लेबलांचं आणि पॅकिंगमध्ये घालायच्या कार्डांचं. मी लग्न होऊन आले ती आधी हिशेबाला बसले, मग कटिंगला उभी राहिले, आणि सासरे थकल्यावर सगळं दुकानच माझ्याकडे आलं.

आज आमच्या दुकानाची ओळख वाचनपानांमुळे आहे. इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी एका कागदावर एक छोटा मजकूर, वाचायला दहा मिनिटं लागतील एवढाच. हे काम ठरवून सुरू झालं नाही. एका पावसाळी दुपारी टॉवेल कारखान्यात पॅकिंग करणाऱ्या एक मावशी कार्डांचा गठ्ठा न्यायला आल्या आणि पावसामुळे थांबल्या. त्यातलं एक कार्ड काढून त्यांनी विचारलं, "अक्का, इतकी वर्षं हे टॉवेलात घालूलालेय मी. काय लिहिलंय ह्याच्यावर?"

मी वाचायला लागले. 'वॉश सेपरेटली', म्हणजे वेगळं धुवा. 'डू नॉट ब्लीच', म्हणजे ब्लीच पावडर वापरू नका. तिसरी ओळ होती 'टम्बल ड्राय लो'. तिथे मी अडले. मशीनवरच्या मुलाला विचारलं, त्यालाही माहीत नव्हतं. आमच्याच मशीनवरून त्या ओळीच्या हजारो प्रती गेल्या होत्या, आणि छापणारा, कापणारा, पॅकिंग करणारी, कुणालाच ती वाचता येत नव्हती. रात्री शोधून काढलं. परदेशात कपडे फिरत्या पिंपाच्या यंत्रात गरम हवेवर वाळवतात. हवा जास्त गरम झाली तर सुती कापड आटतं, म्हणून 'लो'. सोलापूरच्या उन्हात दोरीवर तासाभरात टॉवेल कडकडीत वाळतो, आम्हाला हे यंत्र कुठून ठाऊक असणार!

मी हीच माहिती सोप्या इंग्रजीत लिहून काढली. दहा-बारा वाक्यं झाली. लेबलाच्या आर्ट कार्डाचं कटिंग करताना कडेची एक पट्टी उरते, ती रद्दीत जायची. त्या पट्टीवर मजकूर छापला आणि पुढच्या गठ्ठ्याबरोबर मावशींना दिला. आमच्या पानाचा आकार आजही त्या पट्टीएवढाच आहे, तळहातापेक्षा थोडा लांब. एका बाजूला साधारण सव्वाशे शब्द बसतात. मजकूर किती मोठा असावा हे आमच्यासाठी कटिंग मशीनने ठरवलं, आणि ते योग्य ठरवलं असं मी आजही मानते. दिवसभर उभं राहून काम केलेल्या माणसाला जाडजूड पुस्तक दिलं तर तो पहिल्या धड्यावर खूण घालून ठेवून देतो. एक पान मात्र तो संपवतो. इंग्रजीतलं काहीतरी आपण शेवटच्या पूर्णविरामापर्यंत वाचलं, हा अनुभव आमच्या भागातल्या पुष्कळांनी शाळा सुटल्यापासून घेतलेलाच नव्हता.

माझंच सांगते. घरी तेलुगू, शाळेत मराठी, दुकानात हिंदी, अक्कलकोटकडचं गिऱ्हाईक आलं की थोडं कन्नड. चार भाषांत माझं कुठे अडत नाही. इंग्रजी मात्र आमच्या वेळी पाचवीपासून होतं. राज्यात ते पहिलीपासून सुरू झालं २००० साली. आम्ही ते पाठ केलं, काळ ओळखा आणि रिकाम्या जागा भरा यात मार्क मिळवले, आणि दहावीनंतर बँकेचा फॉर्म समोर आला की शेजाऱ्याला हाक मारली.

पहिल्या काही महिन्यांत आम्ही एक मोठी चूक केली. पानाच्या मागच्या बाजूला पूर्ण मराठी भाषांतर छापत होतो. लोकांना पानं आवडायची, मागणी वाढायची, आणि आम्ही खूश. पुढे एका संध्याकाळी दुकानाच्या ओट्यावर चार-पाच जणी पानं घेऊन बसल्या होत्या, तेव्हा लक्षात आलं की सगळ्यांनी पान उलटं धरलंय. मराठी बाजू वाचून झाली की पान पिशवीत. त्यानंतर भाषांतर काढून टाकलं. मागे फक्त सहा-सात अवघड शब्दांचे अर्थ आणि दोन प्रश्न ठेवले. खप पडला. दोन महिने मला झोप नव्हती. पण ज्या राहिल्या, त्या वाचायला लागल्या.

याच काळात आमच्याकडे पावतीपुस्तकं छापून घेणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांनी मला मायकेल वेस्ट यांच्याबद्दल सांगितलं. हे इंग्रज शिक्षणाधिकारी शंभरएक वर्षांपूर्वी ढाक्यात काम करत होते. बंगालमधली मुलं वर्षानुवर्षं इंग्रजी शिकतात, मधेच शाळा सोडतात, आणि हाताशी काहीच राहत नाही, हे त्यांनी पाहिलं. मग आधी वाचता येऊ दे, असा आग्रह धरून त्यांनी मोजक्या शब्दांत क्रमिक वाचनाची पुस्तकं केली. नवा शब्द एकदम ढीगभर द्यायचा नाही, आणि दिलेला शब्द पुन्हा पुन्हा भेटत राहिला पाहिजे, ही त्यांची पद्धत. पुढे १९५३ साली त्यांची सुमारे दोन हजार नित्याच्या शब्दांची यादी प्रसिद्ध झाली. ही यादी सरांनी मला मिळवून दिली, आणि ती आमच्या दुकानात कटिंग मशीनइतकीच कामाची ठरली.

आमचा नियम तिच्यावरून तयार झाला. यादीबाहेरचे शब्द एका पानात सहापेक्षा जास्त नकोत, आणि प्रत्येक नवा शब्द त्याच पानात निदान तीनदा यायलाच हवा. त्याला अपवाद फक्त मागाच्या शब्दांचा. शटल, बॉबिन, बीम, पिक, रीड, जॅकार्ड हे शब्द आमच्या वाचकांना कॉलेजच्या प्राध्यापकांपेक्षा चांगले माहीत आहेत. ते तोंडात आहेत, फक्त कागदावर ओळखीचे नाहीत. पहिल्या संचातली निम्मी पानं अशाच गोष्टींवर होती. टेरी टॉवेलवर फासे कसे उभे राहतात, जॅकार्डची भोकं पाडलेली कार्डं चादरीवर मोर कसा उमटवतात, औषधाच्या पाकिटावरची तारीख कशी वाचायची, रेल्वेच्या तिकिटावर काय काय लिहिलेलं असतं. जॅकार्ड हे फ्रान्समधल्या ल्योंच्या एका माणसाचं आडनाव आहे, हे वाचून एक मागवाले काका पान घेऊन घरोघर फिरले होते.

साहित्याकडे वळायला मी घाबरत होते. कथा-कविता आपल्या लोकांना झेपणार नाहीत, असं मला धंद्यातल्या चार जणांनी सांगितलं होतं, आणि मलाही तसंच वाटत होतं. सरांनी हट्ट धरला म्हणून सरोजिनी नायडूंची 'इंडियन वीव्हर्स' ही कविता घेतली. त्यांच्या १९०५ सालच्या पहिल्या संग्रहातली ही बारा ओळींची कविता. त्यात विणकरांना तीन वेळा विचारलंय की तुम्ही हे काय विणताय. पहाटे ते नव्या बाळाचं निळं वस्त्र विणत असतात. रात्र पडताना राणीच्या लग्नाचा जांभळा-हिरवा शेला. आणि थंड चांदण्यात, गंभीर आणि गप्प होऊन, पांढरं कफन.

शब्दांचे अर्थ मी लिहिले. निळ्या रंगाच्या ओळीत 'हॅल्सिऑन' असा शब्द आहे. शब्दकोशात पहिला अर्थ सापडला 'शांत', तोच छापला. ओळीचा काही अर्थ लागेना, पण कवितेत असं असतं म्हणून सोडून दिलं. पान बाहेर गेलं, आणि एका शाळेतल्या विज्ञानाच्या बाई मुद्दाम दुकानात आल्या. म्हणाल्या, "अहो, तो पक्षी आहे. आपला खंड्या." कंबर तलावावर किंवा हिप्परग्याला ज्याने खंड्याला पाण्यावर सूर मारताना पाहिलंय, त्याला तो निळा कसा असतो हे सांगावं लागत नाही. 'शांत' लिहून मी ती ओळ बुजवून टाकली होती. सगळी पानं परत मागवली, अर्थ दुरुस्त करून पुन्हा छापली. तेव्हापासून कुठलंही पान शब्दकोशाच्या एका अर्थावर मशीनला जात नाही. त्या विषयातल्या माणसाने आधी वाचायचं, मगच छपाईची प्लेट करायची.

दुरुस्त केलेलं पान ओट्यावर वाचलं, त्या दिवशी एक वयस्कर मागवाले आले होते. आयुष्यभर चादरी विणलेला माणूस. कवितेतले प्रश्न ते हळूहळू, बोटाने ओळ धरून वाचत होते. शेवटच्या कडव्याला थांबले आणि तेलुगूत म्हणाले की चादर विकली गेली की कुणाच्या अंगावर जाते हे विणणाऱ्याला कळत नाही, या बाईला कसं कळलं? मी त्यांना सांगितलं की सरोजिनीबाई हैदराबादच्या. त्यांनी नुसती मान हलवली. त्यांचे वाडवडील तेलंगणातूनच इकडे आले होते. कविता आपल्या लोकांना झेपत नाही, हे वाक्य मी त्यानंतर कधी उच्चारलं नाही.

साहित्य छापायचं तर हक्कांचंही भान हवं. आपल्याकडे लेखक वारल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतात. सरोजिनी नायडू १९४९ साली गेल्या, म्हणून ती कविता छापता आली. एकदा एका हयात लेखकाचा उतारा न विचारता घेतला गेला. एका वाचकाने लक्षात आणून दिलं. विक्री थांबवली, छापलेले सगळे रीम रद्दीत घातले आणि लेखकांना पत्र लिहून माफी मागितली. तो तोटा आम्ही सोसला, तो सोसायलाच हवा होता.

सगळ्यात जास्त वेळा छापलेलं पान डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्यावरचं आहे. ते १९१० साली सोलापुरात जन्मले, १९३८ साली पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, आणि १९४२ साली तिथेच, वयाच्या अवघ्या ३२व्या वर्षी वारले. त्यांच्या इथल्या घराचं स्मारक झालंय, ते सगळ्यांना माहीत असतं. पण मोठेपणी त्यांनी चिनी भाषा शिकून घेतली आणि जखमी सैनिकांशी ते त्यांच्या भाषेत बोलत, हे पुष्कळांना या पानावरून कळलं. व्याकरणाच्या दृष्टीनेही हे पान सोन्यासारखं आहे. जन्मले, गेले, शिकले, वारले, एका माणसाच्या आयुष्यात सगळा भूतकाळ येतो आणि एकही रूप पाठ करावं लागत नाही.

धंद्याचं गणित मात्र सरळ नव्हतं. संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या यात्रेत, होम मैदानावरच्या गड्ड्यात, म्हणजे तिथल्या जत्रेत, पहिल्यांदा छोटा गाळा घेतला, तेव्हा पहिले दोन दिवस लोक पाळण्यांकडे जाताना नुसते बघून पुढे जात. मग माझ्या मुलीने एकेक पान दोरीला चिमट्याने अडकवून ठेवलं. लोक उभ्याउभ्या वाचायला लागले, आणि वाचून झालेलं पान सोडून कोणी गेलं नाही. त्या जत्रेत जमलेल्या पैशांतून दुसऱ्या संचाचा कागद आला. पुढे एका मोठ्या घाऊक विक्रेत्याने माल उचलला आणि पैसे बुडवले. त्या वर्षी लेबलांच्या कामानेच घर चाललं. तेव्हापासून माल रोखीने, आणि जमेल तेवढा स्वतः.

मार्च २०२० मध्ये माग बंद झाले तेव्हा पूर्व भागात इतकी शांतता होती की कानाला त्रास व्हायचा. छपाई बंद, मग पानांचे फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवले. लोकांनी विचारलं, अक्का, वाचून पण दाखवा. मी आवाज भरायला लागले. तिथे आमच्या मराठी 'व'ने मला पहिल्यांदा अडवलं. इंग्रजीत दात ओठाला टेकवून म्हणायचा एक 'व' आणि ओठांचा चंबू करून म्हणायचा दुसरा. 'वेट' म्हणजे ओलं की जनावरांचा डॉक्टर, हे त्यावर ठरतं. मराठीतला 'व' दोन्हींच्या मधला, म्हणून कान फरक धरत नाही. बिडी वळणाऱ्या बायका हात न थांबवता ऐकू शकतात, म्हणून आवाजातली पानं त्यांनी सर्वांत जास्त वापरली. टाळेबंदी उठली तरी आवाज चालूच ठेवला. आता प्रत्येक संचाबरोबर तो मिळतो.

शाळांनी मागितलेला एक संच वेगळाच झाला, इकडून इंग्रजीत गेलेल्या शब्दांचा. आपल्या छिटाचं 'चिंट्झ', कोळिकोडच्या कापडाचं 'कॅलिको', मुंबईच्या डोंगरीच्या जाड्याभरड्या कापडाची 'डंगरी', आणि आपल्या मराठी मुंगसाचं 'मंगूस'. मुलं मुंगसाच्या पानावर उड्या मारतात. आपलाही शब्द तिकडे नांदतोय हे कळलं की इंग्रजी वाचतानाचा आवाज जरा मोठा होतो, हे मी वर्गात बसून पाहिलंय.

आता चौथा संच मशीनवर आहे. त्यात शेंगाचटणी आहे, कडक भाकरी आहे, नान्नजचा माळढोक आहे. हुरड्याच्या पानावर आठवडाभर वाद झाला. मंगळवेढ्याच्या काळ्या रानातली कोवळी ज्वारीची कणसं, आगटीवर भाजून, हातावर चोळून खायची. या सगळ्याला इंग्रजीत एक शब्द नाही. सरांचं म्हणणं, चार शब्दांत वर्णन द्या. माझी मुलगी म्हणाली, मंगूस गेला तसा हुरडाही जाऊ दे. पानावर आम्ही इंग्रजी लिपीत 'हुरडा'च ठेवलाय, आणि नियमाप्रमाणे तो तीनदा आलाय. काल प्लेट झाली. गड्ड्याच्या आधी पानं तयार होतील.